चार्टखालची सही

चार्ट लागला की पुढची पाच मिनिटं वॉर्डात सिस्टरशी कोणी सरळ बोलत नसे. पुढच्या महिन्यात कोणाला किती रात्रपाळ्या, कोणाची सुट्टी रविवारी आणि कोणाची भलत्याच मंगळवारी, हे सगळं त्या एका कागदावर असायचं, आणि तो कागद बनवायच्या सिस्टर. अठरा वर्षं त्या या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. नाव होतं त्यांना, पण ते हजेरीच्या मस्टरबाहेर फारसं पडत नसे.

"सिस्टर, माझ्या सहा रात्री?" एका नर्सनं तोंड वाकडं केलं.

"मागच्या महिन्यात चार होत्या ना? मग. नर्सा आठ, रात्री तीस. तूच बसव गणित, मी सही करते."

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसायचं सोडून चार्टसमोर उभ्या होत्या. त्यांची ड्यूटी त्यात कधीच नसायची, पण दुसऱ्यांच्या पाळ्या वाचायची भारी हौस.

"सिस्टर, यात तुमचं नाव कुठाय हो?"

"खाली बघा. सही कोणाची आहे?"

"सही आहे. रकान्यात नाही म्हणते मी."

"अहो मावशी, चार्ट बनवणारीचं नाव रकान्यात नसतं. मी रोजच असते. रोज असणाऱ्या माणसाला रकाना कशाला हवा?"

बरोबरच होतं ते. वॉर्डाची रीतच तशी. पण आज सिस्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पेनाला टोपण लावत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाल्या, "फक्त दुसऱ्या आठवड्यात मी नाही. आठ दिवस."

"अगंबाई. बरं नाही का?"

"बरं आहे की. घरच्यांबरोबर फिरायला चाललेय. समुद्रावर."

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बातमी चहाच्या आत तीन मजले फिरून आली. ज्या बाईनं भाचीच्या शाळेतलं नाटक अर्ध्यात सोडलं, स्वतःच्या तापात दुसऱ्यांचे ताप मोजले, ती बाई रजेवर चालली म्हटल्यावर मेट्रननंसुद्धा बोलावून विचारलं, नक्की ना म्हणून. नक्की होतं. मंजुरीचा कागद पर्समध्ये होता, आणि दिवसातून दोनतीनदा त्या तो चाचपून बघत.

छप्पन्न वर्षांच्या होत्या सिस्टर. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून संपली. हॉस्पिटलमागच्या क्वार्टर्समध्ये एक खोली, आणि दहा मिनिटांवर धाकट्या भावाचं घर. आई तिकडे असायची. आईला काचबिंदू. दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब. सकाळचे ड्यूटीला जाताना आणि रात्रीचे येताना सिस्टर घालायच्या, दुपारचे भावजय. घरात तिला सगळे सूनबाईच म्हणत, कारण आई म्हणायची.

फिरायला जायचं ठरलं तेही त्या थेंबांमुळेच. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवू, पुढचं सांगता येत नाही. आई घरी येऊन म्हणाली, "मग एकदा समुद्र बघून घेते." लहानपणी एकदाच पाहिला होता तिनं. सिस्टरनं तर तेवढाही नाही.

समुद्र म्हटल्याबरोबर प्रत्येकाला कंठ फुटला. भाऊ म्हणजे बाबू, त्याला कुठंतरी शेतात, झाडाखाली खाट टाकून दोन दिवस नुसतं पडायचं होतं. त्याच्या मुलाला, छोटूला, शहर हवं होतं, उंच इमारती आणि जमिनीखालून धावणारी रेल्वे. सूनबाईला यातलं काहीही चालणार होतं, फक्त स्वयंपाक नको होता. भाची चिमी सोळा वर्षांची, तिला कुणी चिमी म्हटलेलंही खपत नव्हतं, पण आजीच्या खोलीत झोपायचं मात्र तिनं आधीच सांगून टाकलं.

"चार दिशांना चार तोंडं," बाबू म्हणाला. "ताई, आता तूच बनव काहीतरी."

आणि ताईनं बनवला. चार रात्री बसून, पट्टीनं रेघा मारून, वॉर्डाच्या चार्टसारखा चार्ट. दोन दिवस शेतावर, दोन समुद्रावर, दोन शहरात, आणि मागेपुढे प्रवासाचा एकेक. आडव्या ओळीत दिवस, उभ्या ओळीत कामं. बॅगा: बाबू. पाण्याच्या बाटल्या: छोटू. तिकिटं, चाव्या: सूनबाई. आजीची काठी आणि औषधांची पिशवी: चिमी. खोली पहिली, तिघांची: बाबू, सूनबाई, छोटू. खोली दुसरी, तिघांची: आई, चिमी. एकही मिनिट मोकाट सुटलेलं नव्हतं. काही रकाने कोरे होते, तेवढेच. खाली तारीख, आणि तिच्याशेजारी सवयीनं सही.

दोन प्रती काढल्या. एक भावाकडे दिली, एक स्वतःच्या पर्समध्ये, मंजुरीच्या कागदाला लागून. रजेचं मात्र घरी बोलल्या नाहीत. वॉर्डात ठाम समजूत असते, की मिळालेल्या रजेचा घरी गवगवा केला की ती रद्द होते. शिवाय बोलायचं काय त्यात? एवढा चार्ट बनवला, तो काय हौस म्हणून? प्रत्येक ओळीत आपण आहोत हे त्यांना इतकं स्पष्ट दिसत होतं, की दुसऱ्या कुणाला ते दिसणार नाही हे मनातसुद्धा आलं नाही.

बाजारात जाऊन त्यांनी रबरी चपला घेतल्या, निळ्या, वाळूत चालायला. वॉर्डात समुद्राकडचा एक पेशंट होता, त्याला रोज टाके बघताना काहीतरी विचारायच्या. भरती कधी असते? म्हाताऱ्या माणसाला कुठपर्यंत नेता येतं? पेशंट बिचारा पोट धरून उत्तरं द्यायचा.

निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, त्या भावाकडे गेल्या तर सूनबाई टेबलावर तिकिटं मांडून बसली होती.

"या ताई. तुमचा तो चार्ट म्हणजे ना, डोळे झाकून बुकिंग केलं मी. नावं मोजली आणि पाच जणांचं करून टाकलं. आणि अक्कल बघा माझी, समुद्रावर दुसरी खोली तुम्ही तिघांची लिहिली होती. आई आणि चिमी दोघीच तर आहेत. मी दोघांची घेतली. छोटी आहे, पण खिडकीतून पाणी दिसतं म्हणे."

सिस्टर उभ्याच होत्या. आधी त्यांना नीट कळलंच नाही. मग त्यांनी तिकिटं मोजली. जेवणाची ताटं मोजतो तशी, एकेकावर बोट ठेवून. पाच.

"ताईला विचारलंस का पण?" आतून बाबूचा आवाज आला.

"काय विचारायचं? वीस वर्षं विचारतोय आपण. 'ड्यूटी आहे' म्हणताना त्यांचाच चेहरा उतरतो. आणि यायचं असतं तर चार्टात नाव नसतं का लिहिलं? काही जागा कोऱ्या सोडल्यात त्यांनी, त्या आपण भरू सोयीनं."

सूनबाईच्या बोलण्यात काडीचंही कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"गाडीत जागा आहेत का अजून?" सिस्टरनं विचारलं.

"नाही हो, शेवटच्या पाच मिळाल्या. का? कोणाला यायचंय का?"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मान वर करून आवाजाच्या दिशेनं बघत होती. बाबू टॉवेलनं हात पुसत बाहेर आला. "का गं ताई, रजा मिळतेय का तुला?"

एक शब्द बोलायचा होता. मिळाली. पर्स उघडून कागद टेबलावर ठेवायचा होता, बस. पण पुढचं सगळं त्यांना दिसलं. बाबू लगेच म्हणाला असता, ताई, माझ्या जागी तू जा, मी थांबतो. आणि खरंच थांबला असता. लहानपणापासून तसाच होता तो, म्हणून तर लाडका. झाडाखालची खाट गेली असती त्याची. सूनबाई जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असती. आणि चूक कोणाची? रेघा कोणी मारल्या होत्या?

"कुठली रजा," त्या म्हणाल्या. "सहज विचारलं. आई, वर बघ, थेंब घालते."

आईनं वर बघितलं. त्या दिवशी दुसऱ्या डोळ्यात एक थेंब जास्तच पडला.

"घराची चावी ठेवते तुमच्याकडे," सूनबाई म्हणाली. "कुंड्यांना तेवढं पाणी घाला. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही बघा."

ते लोक गेले. सिस्टर स्टँडवर सोडायला गेल्या, हात हलवला, आणि गाडी वळल्यावर त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. आता जायचं कुठं? वॉर्डात जाता येत नव्हतं. तिथं सगळ्यांनी मिळून निरोप दिला होता, मावशींनी तर एक शंख आणायला सांगितला होता. क्वार्टरवर जाता येत नव्हतं, शेजारीपाजारी सगळ्या नर्साच. घरच्यांच्या लेखी त्या ड्यूटीवर, आणि ड्यूटीवरच्यांच्या लेखी समुद्रावर. सगळ्यांच्या पाळ्या बिनचूक लावणाऱ्या बाईला आठ दिवस कुठंच जागा नव्हती. हसू येण्यासारखंच होतं, आणि रिक्षात बसल्यावर त्यांना ते आलंही, पण फार वेळ टिकलं नाही.

भावाची चावी होती. त्या तिथंच राहिल्या. दिवसा खिडक्या ओढून घ्यायच्या, शेजारच्यांना आवाज नको म्हणून भांडं हळू ठेवायच्या. झोपायच्या आईच्या खाटेवर. उशीला आईच्या तेलाचा वास होता. सकाळी सहाला जाग यायचीच, मग चार्ट उघडून बघायच्या. आता शेतावर पोचले असतील. आता बाबू आडवा झाला असेल. एकटेपणाची त्यांना सवय होती, पण तो नेहमी दमून आल्यावरचा, झोपेच्या आधीचा अर्धा तास असायचा. असा अख्खा, सकाळपासून वाढून ठेवलेला कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आईच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "चहा घेतेस का?" आणि मग स्वतःचाच राग आला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला फोन आला. चिमी.

"आत्या, बोलू का? ड्यूटीवर असशील ना?"

"बोल."

"आजी मला थेंब घालू देत नाही. डोळे घट्ट मिटून घेते. म्हणते, ती आली की घालेल. पहिल्या दिवसापासून हेच चाललंय, ती कधी येतेय, ती कधी येतेय. आम्ही सांगतो, आजी, आत्याला ड्यूटी आहे."

सिस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी चार्ट काढला. म्हटलं, थेंब कोणाकडे दिलेत बघू. आत्या, सगळ्याच्या पुढे कोणाचं ना कोणाचं नाव आहे. साबणाच्या पुढेसुद्धा छोटूचं आहे. फक्त थेंबांच्या पुढे कोरं. आजीला समुद्रावर नेणं, तिथंही कोरं. मी मोजले. वीस आहेत. आत्या, तिथं तू होतीस का?"

स्वयंपाकघरातल्या नळाचा एक थेंब पडला, आणि तो पलीकडेही ऐकू गेला असावा.

"आत्या, तुझ्या वॉर्डात एवढं शांत कसं आहे? तू कुठं आहेस?"

"तुमच्या घरी," सिस्टर म्हणाल्या. खोटं बोलायचं बळ संपलं होतं. "बाबाला आत्ता सांगू नकोस. परत आल्यावर मी सांगेन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ऐक. रडू नंतर. आजीच्या मागे उभी राहा, समोर नको. हनुवटीखाली हात धर आणि वर बघ म्हण. मी तेच म्हणते. आणि उजेड आहे तोवर पाण्याकडे ने तिला. कोरड्या वाळूतून थांबत थांबत. ओल्या वाळूत पाय रुतत नाही, तिथं उभी कर. पाणी घोट्याच्या वर येऊ द्यायचं नाही."

"तुला कसं माहीत? तू तर समुद्र कधी..."

"विचारून ठेवलं होतं सगळं," सिस्टर म्हणाल्या. "पेन आहे ना जवळ? त्या कोऱ्या जागी तुझं नाव लिही. नाव नसलं की काम कोणाचं ते कळत नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी आपली प्रत टेबलावर पसरली. उरलेल्या दिवसांच्या कोऱ्या रकान्यांत बारीक अक्षरात चिमीचं नाव लिहीत गेल्या, तिला न आवडणारं नाही, शाळेतलं, पूर्ण. शेवटी पेन सहीपाशी आलं आणि तिथंच थोडा वेळ राहिलं.

मग उठून त्यांनी पिशवीतल्या निळ्या चपला काढल्या आणि पायात घातल्या. अजून करकरीत होत्या, चालताना आवाज करत होत्या. बादली भरून त्या गॅलरीत गेल्या. सहा वाजत आले होते. कुंड्यांना पाणी जास्त झालं, ते खालून वाहत आलं आणि चपलांभोवती साचलं. सिस्टर पाय न हलवता तशाच उभ्या राहिल्या. पाणी घोट्याच्या बरंच खाली होतं.