दिवा नीट धर

"आता तरी कबूल कर, हे तुझं काम नाही," डॅड म्हणाला. सकाळभर खपून भरलेलं नवंकोरं तेल गाडीखालून वाहत गॅरेजच्या दारापर्यंत पोचलं होतं आणि त्या थारोळ्यात मी केसांसकट माखून पडले होते.

गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, माझ्याहून थोडी वयस्कर. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गल्लीत तिला डॅडची, म्हणजे सिरिल ट्रँटरची, दुसरी बायको म्हणत. आई म्हणायची, "दुसरी कसली, पहिली तीच." आई गेली. डॅडचे हात आता इतके कापतात की पाना नटाला लागायच्या आधी शेजारच्या चार वस्तूंना लागतो. म्हणून गाडी ग्रॅहमला द्यायची असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. ग्रॅहम माझा धाकटा भाऊ, लंडनला असतो. चहाच्या वेळेला तो ट्रेलर घेऊन येणार होता. गाडी लगेच विकणार, हे त्याने मला फोनवर सांगितलं होतं, डॅडला नाही.

"मला दे. मी विकणार नाही," मी आदल्या दिवशी म्हटलं होतं.

"जो सांभाळेल त्याची. तुला साधं तेल तरी बदलता येतं का, लिन?"

कुठून येणार? लहानपणी त्याने ग्रॅहमच्या हातात पाना दिला आणि माझ्या हातात दिवा. लांब वायरीचा, जाळीतला दिवा. ग्रॅहम पंधरा दिवसांत कंटाळून फुटबॉलला पळाला, तरी पाना त्याचाच राहिला. मी वर्षानुवर्षं दिवा धरला. जाळी तापून बोटं भाजायची, पण दिवा जरा हलला की डॅडच्या ओरडण्याने गॅरेज दणाणायचं. मी कामाला आहे त्या शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचं यंत्र अडलं की सगळ्या बायका मला हाक मारतात. पण घरी मी दिव्याचा खांबच.

"ग्रॅहम यायच्या आत बदलून दाखवते. तू फक्त दिवा धर," मी म्हटलं होतं. आणि हे असं दाखवलं होतं.

"फिल्टरच्या डब्याचं रबरी कडं बदललंस?" डॅडने विचारलं.

"नवं बसवलं."

"आणि जुनं काढलंस?"

जुनं कडं वरच्या खाचेत चिकटून बसलेलं असणार. काळ्या खाचेत काळं रबर. त्याच्यावरच मी नवं चढवलं होतं, म्हणून डबा घट्ट बसलाच नव्हता. मग तेल बाहेर येणार नाही तर काय होणार!

"सगळे नवशिके इथेच आपटतात," म्हणून तो हसला. त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं.

"दिसलं असतं तर काढलं नसतं? दिवा कुणाच्या हातात होता? मी बघतेय तिथे धर! तू बघतोयस तिथे नाही!"

शब्द त्याचे होते. आवाजही त्याचाच.

"सॉरी," तो पुटपुटला. मीही अगदी असंच पुटपुटायचे. मला दया यायला हवी होती. आली नाही.

"धर परत," मी म्हटलं.

तो तेलातच गुडघे टेकून बसला. कोपरं चाकाला टेकवून त्याने दोन्ही हातांनी दिवा धरला. उजेड थरथरत आला आणि खाचेवर थांबला. आईच्या विणायच्या सुईने मी जुनं कडं उकरायला घेतलं. ते तुकड्यातुकड्यांनी निघत होतं.

"हलवू नकोस!"

"नाही हलवत गं."

नवं कडं बसवलं, डबा आवळला, तेल भरलं. सांडलेलं पुसून खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि इंजिन सुरू केलं. किती तरी वेळ आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत होतो. त्यावर तेलाचा एक थेंबही पडला नाही.

ग्रॅहम आला, वाकून गाडीखाली डोकावला. "काय हे डॅड, या वयातही सगळं स्वतः करतोस?"

डॅड ताठ झाला. आता हा मान डोलावणार, मी मनात म्हटलं, आणि हातातला पाना घट्ट धरला.

"लिनने केलं," डॅड म्हणाला. "मी दिवा धरला."

ग्रॅहमला ती थट्टा वाटली. "बरं, आता ट्रेलरवर चढवू या?"

"ट्रेलर तसाच घेऊन जा. गाडी तिची."

ग्रॅहम बराच वेळ तडतडला आणि चहा न घेताच गेला. मग डॅडने खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. घेताना त्याची बोटं दिसली. लालभडक, दोनांवर फोड आलेले.

"दिव्याने भाजलं? सांगायचं नाही का?"

"तू तरी कुठे सांगायचीस?"

म्हणजे त्याला माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं. मी कोपऱ्यातला नळ सोडला आणि त्याचा हात ओढून पाण्याखाली धरला, जरा जास्तच जोराने.