कोपर फिल्मच्या बाहेर राहिलं

मित्रांनो, मी एक जुनं एक्स-रे यंत्र आहे. हल्ली दवाखान्याच्या जिन्याखाली मोडक्या खाटांच्या संगतीत असतं. माणसांच्या आत डोकावण्यात माझा जन्म गेला. मनातलं कधी दिसलं नाही. हाडं मात्र लख्ख दिसत. मी नवं आलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी कौतुकानं माझ्या अंगावर थाप मारली आणि हात दुखावून घेतला. माझा पहिला फोटो त्यांच्याच पंजाचा.

आमच्या खोलीची एक रीत होती. एका फिल्मवर दोन फोटो बसवायचे. म्हणून मोडलं असेल तेवढाच भाग घ्यायचा.

एकदा चाव्या करणारे काका आले. शिडीवरून पडले होते. उजवा हात सुजून टम्म. सोबत काकू.

"कोपरही दुखतंय हो," काका कण्हले.

"मोडलंय खाली. बाकीचं सोबतीनं दुखतं, काका!" फोटोवाला म्हणाला.

"ह्यांचं सगळंच सोबतीनं दुखतं," काकूंनी भर घातली.

फोटोत करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेलं दिसलं, अंगठ्याच्या बाजूचं धड. प्लास्टर झालं. पण मित्रांनो, हाताची ही दोन हाडं जोडीनं नांदतात. एक मोडून आखूड झालं, की दुसऱ्याला जागा पुरत नाही. ते कोपरातून निसटतं. ते निसटलंही होतं. आमची फिल्म मात्र कोपराच्या अलीकडेच संपली होती.

प्लास्टर निघालं, पण हात पालथ्याचा उताणा होईना. तेव्हा कुठे पूर्ण फोटो निघाला. मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला.

"तेव्हाच मोडलेलं हाड धातूची पट्टी बसवून नीट जुळवलं असतं, तर सांधा बहुतेक आपोआप बसला असता. आता ऑपरेशन मोठं आहे. हात पहिल्यासारखा होईलच, असं नाही."

"पण चावी फिरवता येईल ना?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला.

ऑपरेशन झालं. आता तपासणीला आले, की दोघं जिन्याजवळच्या बाकावर बसतात.

"दुकान चालू ना?" परवा कुणीतरी विचारलं.

"आहे की. चावी मी घासतो, कुलपात फिरवून बघते ही."

"आणि गिऱ्हाईक मलाच कारागीर समजतं!" काकू हसल्या. काका आपल्या हाताकडे बघत राहिले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचा हात मोडला, तर फोटोत कोपर आणि मनगट दोन्ही येऊ द्या. 'इथंही दुखतंय' म्हणणाऱ्याचं ऐका. मला सगळं दिसलं असतं हो. मला चार बोटं वर सरकवायला हवं होतं, इतकंच.