वहिनींनी बांबू उपटू दिला नाही

घर घेतलं तेव्हापासून मागच्या अंगणात भिंतीला लागून तो बांबू होता. कुणी लावला, कुठल्या जातीचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा तो पार वाळला आणि वरच्या मजल्यावरच्या भाऊजींना आयतं निमित्त मिळालं. त्यांना तिथं फरशी घालून गाडी लावायची होती.

"वहिनी, सोमवारी गवंडी येतोय," ते जिन्यातूनच म्हणाले. "मेलंय ते. शिवाय बांबूची मुळं पळतात. उद्या गटाराचा पाइप फोडतील, मग बसा नाक धरून."

"विचारताय की सांगताय?"

"यात विचारायचं काय?"

वहिनींच्या मस्तकात तिडीक गेली. नवरा गेल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय असाच जिन्यातून खाली उतरत होता आणि त्या ऐकून घेत होत्या. आज नाही घेतलं.

त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या, हाताला बारीक कामाची सवय. कामावरच्या सुरीनं त्यांनी बुंध्याजवळची माती उकरली. वरचे बांबू खडखडीत होते, पण जमिनीतला कंद कापला तर आत ओलसर, पांढराशुभ्र. त्या तडक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे गेल्या.

"फुलोरा आला होता का?" बाईंनी विचारलं. "फुलला की बांबू बहुतेक मरतोच."

"एक फूल नाही."

"मग आशा आहे. पण वाळक्या काठीवरून जात कशी सांगू? नवा कोंब आला की त्याच्या अंगावरचं साल आणा. आणि कंद नीट बघा. आखूड, जाड, एकमेकांना चिकटलेले असले, तर तो बेट करून जागीच वाढतो. दोरीसारखे लांब गेले असले, तर पळणारा."

वहिनींनी रविवारभर खणलं. कंद आखूड होते, आल्यासारखे एकमेकांत गुंतलेले.

सोमवारी गवंडी आला, तर बुंध्याशी खुर्ची टाकून वहिनी कवळी घासत बसलेल्या.

"उठा वहिनी, तमाशा नको," भाऊजी म्हणाले.

"मुळात जीव असताना दात उपटत नाहीत, भाऊजी. अंगण दोघांचं आहे. माझी ना आहे."

"तुमचं घरात मिटलं की बोलवा," म्हणत गवंड्यानं घमेलं उचललं. भाऊजी पाय आपटत जिना चढले.

वहिनींनी वाळके बांबू करवतीनं छाटले, दगडासारखी झालेली माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. कितीतरी दिवस काहीच नाही. वरच्या गॅलरीतून भाऊजी ऐकवायचे, "कवळीला खत घालून दात उगवतात का बघा!" वहिनी मान वर करायच्या नाहीत. पण एकट्या असल्या की धास्ती वाटायचीच. हट्टापायी आपलं हसं तर होणार नाही?

मग एका सकाळी मातीला भेग पडली आणि जांभळट, लवदार टोक वर आलं. वहिनी मोठ्यानं हसल्या. वर ऐकू जावं म्हणूनच.

गळालेलं साल बाईंनी भिंगाखाली धरलं आणि भलंमोठं नाव सांगितलं. वहिनींची जीभ काही वळेना. "बेटाचाच आहे. पाइपाला धोका नाही," बाई म्हणाल्या. "हल्ली दिसत नाही हा. कॉलेजच्या बागेला एक कंद द्याल?"

वहिनींनी स्वतः कंद काढून दिला. बाई गेल्यावर भाऊजी जिन्यात उभे.

"द्यायच्या आधी मला विचारायचं तरी!"

"यात विचारायचं काय?" वहिनी म्हणाल्या आणि हात धुवायला नळाकडे वळल्या.