माझ्या अंगावरचे वळ

मित्रांनो, मी एक जुनं सरावाचं पुस्तक आहे. आमच्या अमेरिकेत वकिलीच्या कॉलेजात जायचं तर आधी एक परीक्षा द्यावी लागते. तिच्या दहा जुन्या प्रश्नपत्रिका माझ्या पोटात आहेत. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही, तरी माझ्यामुळे एका चांगल्या बाईचं नुकसान झालं.

माझा पहिला मालक थॅडियस. हा गडी पेन्सिल अशी दाबायचा की खिळा ठोकतोय असं वाटावं. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. पेपर तपासताना तो बरोबर पर्यायाभोवती गच्च गोल काढायचा. पहिला पेपर तेवढा त्याने कोराच सोडला. पुढे मला विकायला काढताना त्याने सगळं खोडून लख्ख केलं. पण खोडरबराने काळं पुसतं, कागदात रुतलेले वळ पुसत नाहीत.

मग मला ओडेसा प्रूइटने घेतलं. ती ॲक्रन गावच्या कोर्टात कारकून. घरं खाली करायच्या खटल्यांत ती रोज भाडेकऱ्यांची नावं पुकारायची. त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहत नाही, हे बघून तिचा जीव तळमळायचा. छत्तिसाव्या वर्षी तिने ठरवलं, आपणच वकील व्हायचं. गावच्या कॉलेजात फुकट जागा मिळायला एकशे ऐंशीपैकी एकशे साठ गुण हवे होते.

रोज सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ लावून बसायची. पहिल्या पेपरात एकशे एक्कावन्न आले. दुसऱ्यात एकदम एकशे साठ!

तिचे बाबा व्हर्जिल तव्यावर पॅनकेक उलटत होते. "काय गं वकीलबाई, एका आठवड्यात नऊ गुण? दुधातून काय घेतेस?"

"अक्कल, बाबा! उशिरा का होईना, फुटली."

बाबा हसले. माझ्या मात्र अंगावर काटा आला. ती अडली की तिचं बोट पर्यायांवरून फिरायचं आणि एका वळापाशी थबकायचं. तिला वाटायचं, उत्तर आपल्याला सुचलं. अगं बाई, ते थॅडियसचं होतं!

एका शनिवारी कोर्टातली मैत्रीण कॉरिन तिला क्लासला न्यायला आली. "चल ना. कुठे चुकतो ते तिथे नीट दाखवतात."

"मी चुकतेय कुठे? तूच जा बाई."

"बरं बाई, तू हुशार!" म्हणत कॉरिन गेली. मला ओरडावंसं वाटलं, पण पुस्तकाला कुठलं तोंड?

शेवटच्या पेपरात तिला एकशे एकोणसत्तर पडले. परीक्षेच्या सकाळी बाबांनी टोक केलेल्या पेन्सिली तिच्या हातात दिल्या. मी टेबलावरच राहिलो. परीक्षेतल्या कागदावर वळ नव्हते.

निकाल आला, एकशे बावन्न.

"पुन्हा दे गं," बाबा म्हणाले.

"नको, बाबा. घरी एवढे, आणि तिथे एवढेसे? खरी वेळ आली की मी कच खाते. असली बाई भाडेकऱ्यांसाठी कशी भांडणार? मी आपली नावं पुकारलेलीच बरी."

"तू कधीच भित्री नव्हतीस."

"होते. आता कळलं."

मित्रांनो, ती भित्री नव्हती, मठ्ठही नव्हती. तिचा सरावच झाला नव्हता. हे सगळ्या जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो.

"कुणाच्या तरी उपयोगी पडेल," म्हणत तिने मला पुन्हा स्वच्छ खोडलं आणि वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांत देऊन टाकलं. तीही पेन्सिल दाबूनच लिहायची. गेल्या आठवड्यात एका मुलीने मला उचललं. "अय्या, अगदी कोरं आहे!" म्हणून केवढी हरखली ती.

जुनी पुस्तकं जरूर घ्या, जिवापाड जपा. पण सोडवायला बसण्याआधी एकदा पान उजेडात तिरकं धरून बघा. आणि वापरून झालेलं पुस्तक कोरं म्हणून कुणाला देऊ नका, एवढी माझी विनवणी आहे.

आज सकाळी त्या मुलीने दुसरा पेपर उघडलाय. तिचं बोट पर्यायांवरून फिरतंय. आता ते थबकलंय.