रिक्षात ऐकलेलं गाणं

"वहिनी, संघर्षच्या गाण्यांतला वरचा बारीक आवाज अलीकडे टोचतोय. त्याला एकदा कान दाखवून घ्यायला सांगा."

अमोल, माझ्या नवऱ्याचा गाण्याच्या कामातला दोस्त, हे दारात, बूट चढवता चढवता म्हणाला. मला तेव्हा सातवा महिना होता. मी हसले. म्हटलं, "अमोलभाऊ, तिसऱ्या मजल्यावरचा मिक्सर कुठल्या सुरात फिरतो ते सांगतो हा माणूस. तुम्हीच दाखवा तुमचे." तोही हसला आणि जिना उतरून गेला.

मी हसले याचं मला अजून नवल वाटतं. कारण मी असं काही हसून सोडून देणारी बाई नाही. त्या दिवसांत सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला आकडा न् आकडा मी तीन-तीनदा वाचायचे, उकळून गार केलेलं पाणी पुन्हा उकळायचे. सगळी काळजी पोटातल्या जिवासाठी खर्ची पडत होती. नवऱ्याच्या कानांसाठी काही उरलंच नव्हतं.

उपनगरातल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजे संघर्षचा स्टुडिओ. भिंतींना फोम, खिडकीला गादी, आणि कोपऱ्यात कपाटाएवढी काचेची केबिन. गाणारा तिच्यात उभा राहतो. लग्नाआधी मला वाटायचं, कुणीतरी गातं आणि ते टिपून घेतात, झालं गाणं. इथे आल्यावर कळलं की त्याच्याकडे गाणारी पायल एक कडवं वीस वेळा गाते. त्या विसांतून संघर्ष एखादा शब्द सोमवारचा घेतो, एखादा श्वास गुरुवारचा, आणि असे जोडतो की जोड सापडत नाही. मग ढोल, गिटार, कॉम्प्युटरमधले सूर यांना एकमेकांत जागा करून देतो. "शेअर रिक्षासारखं असतं गं," तो म्हणायचा. "एक जरा सरकला की दुसरा मावतो. त्यालाच मिक्सिंग म्हणायचं." गळ्याभोवती थोडी घुमणारी जागा ठेवायची, तिला तो अंगण म्हणायचा. "आज पायलला छोटंच अंगण दिलंय."

शेवटी गाणं आमच्याच शहरात, द्वारका भागात राहणाऱ्या अमोलकडे जातं. तो मास्टरिंग करतो, म्हणजे गाण्यावरून शेवटचा हात फिरवतो. मोबाइलवर, गाडीत, हॉलमधल्या स्पीकरवर, सगळीकडे ते सारखंच भरीव लागावं म्हणून. संघर्षच्या हातून काही निसटलं तर ते पहिल्यांदा अमोलच्याच कानावर पडणार.

आमची यशोधरा अकरा महिन्यांची असताना तिला ताप भरला. संघर्ष तिला मांडीवर घेऊन बसला होता, काखेत थर्मामीटर. मी ओट्यापाशी पेज ढवळत होते. बीप बीप झालं. मी वाट बघितली. तो आकडा सांगेना.

"अरे, वाजलं ना! किती आहे?"

"कुठे वाजलं? लावून ठेवलंय अजून."

मी बाहेर आले. थर्मामीटर तिच्या काखेतच होता. शंभर पॉइंट चार.

"सेल गेला असेल त्याचा," तो म्हणाला.

सेल मी आदल्याच दिवशी बदलला होता. तिचा ताप उतरला, पण ते बीप माझ्या मनातून उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. हेडफोन गळ्यात, स्पीकर बंद. मी त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहिले आणि थर्मामीटरचं बटण दाबलं. बीप. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा त्याच्या कानाजवळ नेऊन दाबलं. तो शांतपणे माउस फिरवत राहिला.

मी समोर जाऊन सांगितलं. आधी तो हसला, मग चिडला. "तू पण अमोलसारखी सुरू झालीस? दहा वर्षं झाली मला या धंद्यात."

दहा वर्षं, हे मलाही ठाऊक होतं. त्यातली पहिली चार लग्नाच्या वरातींत गेली होती, डीजेच्या गाडीवर, कानाला रुमालही न बांधता. उरलेली हेडफोनमध्ये.

पायलचं स्वतःचं असं पहिलंच गाणं तेव्हा तयार होत होतं. शुक्रवारी ते बाहेर यायचं होतं. अमोलने ते दोनदा परत पाठवलं. "स, च, श सगळे सुईसारखे लागतायत. वरचं कमी कर," एवढंच लिहिलेलं. संघर्षने दोन्ही वेळा कमी केलं, ऐकलं, त्याला गाणं मळकट वाटलं, आणि त्याने ते पुन्हा वाढवलं. त्याच्या हिशेबी तो बरोबरच होता. जे त्याला ऐकू येत नव्हतं तेच तो ऐकू येईपर्यंत वाढवत होता.

त्याची एक रीत आहे. गाणं संपलं की ते खाली सावळीरामकाकांच्या रिक्षात ऐकायचं. काका आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, पंचवटीच्या स्टँडला रिक्षा लावतात. रिक्षात बरं वाजलं तर कुठेही वाजेल, असा संघर्षचा विश्वास. बुधवारी सकाळी काका निघायच्या आत आम्ही खाली गेलो. यशोधराला घेऊन मी मागे बसले, संघर्ष माझ्या शेजारी. काकांनी गाणं लावलं.

पायल पहिल्या ओळीत शिरली आणि काकांनी मान आत ओढली. "लय टोचतंय रे बाळा. पत्रा घासल्यावानी."

"काका, स्पीकर फाटलाय तुमचा."

"परवाच बसवला की! स्पीकरला कशाला नावं ठेवतो?" काकांनी मोबाइलवर शोधून दुसरं गाणं लावलं. "आता ह्ये ऐक. ह्ये कुणाचं हाय? तुझंच ना, तीन वर्सं झाली? किती गोड वाटतंय बघ."

संघर्षने ते शेवटपर्यंत ऐकलं. "मघाचं लावा परत," म्हणाला.

गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी तो स्पीकरकडे बघतच नव्हता, माझ्या मांडीवरच्या यशोधराकडे बघत होता. ती मजेत रिक्षाचा दांडा चोखत होती. पायलच्या पहिल्या 'स'ला तिने डोळे घट्ट मिटले. दुसऱ्याला तोंड माझ्या छातीत खुपसलं. तिसऱ्याला रडायलाच लागली. त्याने हात पुढे करून गाणं बंद केलं. काकांनी मागे वळून बघितलं. तिला माझ्याकडून उचलून घेत तो म्हणाला, "मला ते नुसतं मऊ ऐकू येतंय, मनाली."

दुपारी आम्ही कान तपासायला गेलो. तिथेही काचेची केबिनच होती, आमच्या घरच्यासारखी, फोम लावलेली. संघर्ष हेडफोन घालून आत बसला. बाहेरची मुलगी बटणं फिरवत होती. "बीप ऐकू आला की बटण दाबायचं हं, सर." आधी त्याचा अंगठा भराभर हलला. मग ती एकेक सूर वर चढवत गेली आणि अंगठा मंदावला. मग थांबला. ती बटणं फिरवतच होती. तो डोळे मिटून, मान पुढे काढून बसला होता, इतकं जिवापाड ऐकताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. अंगठा हलला नाही.

कागदावरची रेघ उजवीकडे, वरच्या सुरांकडे जाताना, कसाऱ्याच्या घाटासारखी उतरत गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, "गेलंय ते परत येत नाही. आहे ते जपा." त्याने फक्त एक विचारलं, "मुलीचा आवाज किती ऐकू येतो मला?"

"बराचसा येतो," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सगळा नाही."

संध्याकाळी त्याने स्वतः अमोलला फोन लावला. "ये. वरचं तू बघ. मला ऐकू येत नाही." बास, एवढंच. आमच्या घरात ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. अमोल आला, संघर्षच्या खुर्चीत बसला. संघर्ष शेजारी स्टुलावर बसून जोड, श्वास, अंगण सांगत राहिला, अमोल वरचं उतरवत राहिला. मी यशोधराला घेऊन दारात उभी होते. ती रडली नाही.

पायललाही त्यानेच सांगितलं. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली. "दादा, पण गाणं छान झालंय," म्हणाली. दुसरं गाणं ती पुण्याला करतेय. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

शुक्रवारी गाणं बाहेर आलं. खाली नावं संघर्षनेच टाइप केली होती. मिक्सिंगपुढे त्याने अमोलचं नाव आधी लिहिलं, मग स्वतःचं.

तुमच्या घरात, ओळखीत, कुणी दिवसभर मोठ्या आवाजात काम करत असेल. डीजेवर, बँडमध्ये, पिठाच्या गिरणीत, कारखान्यात, नाहीतर हेडफोन लावून. आज त्याच्याकडे जरा जा. तो निवांत असेल तेव्हा मागून त्याच्या कानाशी दोन बोटं एकमेकांवर घासून बघा, आधी एका कानाशी, मग दुसऱ्या. वळून बघितलं तर ठीक. नाहीच बघितलं तर मागूनच ओरडू नका. पुढे जाऊन त्याच्यासमोर बसा, आणि मग कान तपासून घ्यायला सांगा.