सुरीबाईचा टोप

मी सुरीबाईचा टोप बोलतोय. खरी सुरीबाई गुंडांच्या टोळीची म्होरकी. ती रस्त्यात दिसली की दुकानं पटापट बंद व्हायची. ती मेली आणि तिच्यावर संगीत नाटक आलं. त्यातला मी, केसांचा टोप, कमरेपर्यंतचा, काळाभोर.

टोपवाल्याने कुणाकुणाचे विकत घेतलेले केस जाळीत एकेक ओवून मला घडवलं आणि ताईच्या डोक्यावर बसवलं. ताई नाटकातली नायिका. आजारपणातल्या औषधांनी तिचे केस पार गेले होते. हे ठाऊक फक्त मला आणि तिच्या धाकट्या बहिणीला. मी तर डोक्याला चिकटलेला शेजारी, माझ्यापासून काय लपणार?

धाकटी मला गोंदाने चिकटवायची. ताईची सगळी गाणी तिला तोंडपाठ होती आणि ती मनातून जळत होती.

एका प्रवेशात हवालदार सुरीबाईला केस धरून फरफटवतो. ते सगळं सोंग बरं का! नटाने नुसती मूठ ठेवायची, ताईने त्याचं मनगट धरून आपणच सरकायचं. त्या दिवशी धाकटीने गोंद जेमतेम लावला आणि नटाच्या कानाशी लागली, "दादा, ताई म्हणते, आज खरंच ओढा. मागच्या रांगांना खोटं वाटतं."

त्याने ओढलं. मी त्याच्या मुठीत आलो. ताईने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. अख्खं नाट्यगृह उभं राहून टाळ्या!

नाटक कंपनीचे मालक आत ताईकडे धावत आले. "अगं, आधी नाही का सांगायचंस? आता रोज असंच!"

धाकटीचं तोंड उतरलं. "मालक, मी करते ना ही भूमिका. मीही टक्कल करून घेते."

"तुझं केलेलं दिसेल गं. हिचं आतून आलंय. तू आपली गोंद लाव, आणि कमीच लाव."

पुढे ताईच्या डोक्यावर कोवळी लव आली. आरशासमोर बोटं फिरवत ती कितीतरी दिवसांनी हसली. मालकांनी पाहिलं. "नाटक चालतंय तोवर नाही," म्हणाले आणि वस्तरा धाकटीच्या हातात दिला.

आता प्रत्येक प्रयोगाआधी ताई खुर्चीत बसते.

"हलू नकोस हं ताई, लागेल," धाकटी गोड आवाजात म्हणते. ताई हलत नाही.

तिचे केस वाढले की माझी रवानगी अडगळीत, हे मला कळतं. तरी सांगतो. मंडळी, मी निसटेन तेव्हा एकदा तरी हात मांडीवर ठेवून गप्प बसा. तुम्ही टाळ्या वाजवता, म्हणून वस्तऱ्याला रोज धार लागते.