पोटाकडून चौथा स्नायू

दोन काचांच्या मध्ये निजलेली मी एक चेतापेशी. केसाहून कितीतरी बारीक असले, तरी माझे चरित्र लहान नाही.

माझा जन्म फळमाशीच्या अंड्यात झाला. अळी चालायची, तर तिच्या प्रत्येक स्नायूला हुकूम पोहोचवणारे कोणीतरी हवे. माझ्या वाट्याला पोटाच्या मध्यरेषेपासून चौथा स्नायू आला होता. वाट सांगणारे कोणी भेटले नाही. भेटल्या त्या खुणा, काही जवळ ओढणाऱ्या, काही मागे लोटणाऱ्या. माझ्या वाढत्या टोकाला बोटांसारखे कोंब होते. त्यांनी पेशीन् पेशी चाचपत मी तीन स्नायू ओलांडले आणि चौथ्याला बिलगले. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

कारण माझी एक खूण आधीच हिरावली गेली होती. प्रयोगशाळेत सगळे जिला 'मुंगी' म्हणत, त्या संशोधक मुलीने आमच्या कुळातून जवळ ओढणाऱ्या खुणेचे काम करणारे एक प्रथिनच काढून टाकले होते. त्यावाचून चेतापेशी भरकटते, हे दाखवण्यात तिची तीन वर्षे गेली होती.

अंड्यातून निघण्याच्या बेतातली अळी तिने पाठीतून चिरून चटईसारखी उलगडली. ती पोटाच्या मध्यरेषेवरच फाटली. हाती आलेली अर्धी पट्टी काचेवर ठेवताना उलटली, आणि मुंगी सवयीच्या कडेपासून स्नायू मोजू लागली. चौथ्यावर मी नव्हते. तिने हसतमुखाने काचेवरच्या चिठ्ठीवर लिहिले : 'भरकटली'.

साऱ्या आयुष्यावर तो एक शब्द. मी दिसावे म्हणून तिने दिलेल्या रंगाने मी नुसती हिरवी चमकत राहिले.

दुपारी तिच्या मार्गदर्शक बाई आल्या. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहून त्यांनी मुंगीला दुसऱ्या कडेची बारीक दात्यांची रांग दाखवली. असे दाट दाते अळीच्या पोटावरच असतात.

"अगं, पाठीकडून मोजलंस तू. नकाशा उलटा धरलास आणि वाटसरूला वेडं ठरवलंस."

मुंगीने पुन्हा मोजले. चौथ्यावर मी होते.

"म्हणजे ही पोहोचलीये. माझी तीन वर्षं पाण्यात, बाई."

"पाण्यात कशी? एक खूण नसताना पोहोचली, तर दुसरी कुठली तरी असणार. आधी बाकीच्या पट्ट्या तपास, मग रड."

मुंगीने तो शब्द वाचता येईल असा खोडला आणि शेजारी लिहिले : 'पोहोचली'.

आता माझा हिरवा रंग दिवसेंदिवस फिकटतो आहे. त्याची खंत नाही. एवढीच विनंती, की कोणालाही चुकलेले म्हणण्याआधी पोटाची बाजू कोणती, ते एकदा पाहून घ्यावे.